शनिवारचा वाचनतास बंद करू नका: विश्वस्त मंडळास खुले पत्र

बडोदे

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून बालविभागातला शनिवारचा वाचनतास बंद होणार आणि त्याच्या जागी जगाच्या सामान्यज्ञानाचा वर्ग सुरू होणार, अशी सूचना आपण फलकावर लावली आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दर शनिवारी एक नवा देश शिकवायचा. झेंडा, राजधानी, चलन आणि राष्ट्रीय प्राणी एका कागदावर छापून द्यायचे. वीस शनिवारांत वीस देश आटोपायचे आणि शेवटी बक्षिसांची प्रश्नमंजूषा घ्यायची. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. शहरातल्या इतर मराठी वाचनालयांत आणि शाळांतही अशाच वर्गांची चर्चा चालू आहे, म्हणून हे पत्र फक्त आपल्या टेबलावर न ठेवता सर्वांसमोर ठेवत आहोत.

आम्ही वाचनतास चालवणारे स्वयंसेवक, प्राथमिक शाळांतल्या शिक्षिका आणि पालक आहोत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, राजमहाल रोड या भागांतली आमची मुले बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी वाचायला त्यांना आठवड्यात हा एकच तास मिळतो. तो गेला तर मुलांची दोन नुकसाने एकदम होतील. मराठी वाचन सुटेल आणि जगाची ओळख झेंड्यांच्या तक्त्यापुरती उरेल.

प्रथम वयाचा मुद्दा, कारण योजनेची मुख्य चूक तिथे आहे. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरातल्या मुलांबरोबर केलेले काम 1951 मध्ये प्रसिद्ध झाले. सात-आठ वर्षांच्या आतल्या पुष्कळ मुलांना आपण एकाच वेळी जिनिव्हाचे आणि स्वित्झर्लंडचे आहोत हे पटत नाही, असे त्यांना दिसले. हे इथेही पाहता येते. सहा वर्षांच्या मुलाला विचारा, "तू बडोद्याचा की गुजरातचा?" तो दोहोंपैकी एक निवडेल. त्याच्या डोक्यात घर, पोळ (म्हणजे आपली गल्ली), शहर, राज्य, देश हे एकाच्या पोटात एक असे अजून बसलेले नसतात. अशा मुलाला "केनियाची राजधानी नैरोबी" हे पाठ करायला लावले की तो ते पाठ करतो. पण राजधानी म्हणजे काय आणि ती कशाच्या आत असते हे त्याला कळलेले नसते. पुढच्या शनिवारी पेरू आला की नैरोबी पेरूत जाते. शिकवणाऱ्यांच्या तोंडीही "आफ्रिका देश" असे येऊन जाते. आफ्रिका खंडात संयुक्त राष्ट्रांचे सभासद असलेले 54 देश आहेत.

यावर साधा उपाय आहे. एकात एक बसणारे पाच डबे घ्या आणि त्यांवर घर, पोळ, बडोदे, गुजरात, भारत अशा चिठ्ठ्या लावा. मग तसेच दुसरे डबे गोष्टीतल्या मुलीसाठी करा. तिचे घर, तिची गल्ली, नैरोबी, केनिया. दोन-तीन शनिवार मुले हे डबे हाताळतात तेव्हा कुठे "देश" हा शब्द वापरण्याजोगा होतो. पण डब्यात राहणारी ती मुलगी आधी हवी. ती पुस्तकातून येते.

लहान मुलाला एखादा देश कळायचा तर त्या देशातल्या कुणाची तरी सकाळ, शाळा, आजी, बाजार आणि भांडण त्याच्या ओळखीचे व्हावे लागते. त्याला एका देशाचे सहा आठवडे आणि दहा-पंधरा पुस्तके लागतात. वर्षाला चार-पाचच देश होतील, आणि तेवढे पुरेत.

केनियाचेच उदाहरण पुढे चालवतो. गुजरातेतल्या कित्येक घरांचे नातलग तिकडे आहेत, त्यामुळे मुलांच्या कानावर हे नाव आधीच पडलेले असते. वाचनाची सुरुवात कुठून करायची यावर पुष्कळ अवलंबून असते. पहिल्या शनिवारी सिंहाचे पुस्तक घेतले की काम बिघडते. पहिले चित्र मनात घट्ट बसते आणि पुढे कितीही सांगितले तरी मुलांना केनियात रस्ते, इमारती, बस दिसत नाहीत. म्हणून पहिले पुस्तक शहरातल्या मुलाचे घ्यावे. शाळेचा गणवेश, गर्दीने भरलेली मटाटू, म्हणजे तिथली छोटी बस, आणि गृहपाठ. नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही जुलैमध्ये तिथली मुले सकाळी स्वेटर घालून शाळेत जातात. बडोद्याच्या मुलांना याचे फार नवल वाटते आणि "का?" हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. तो आला की पृथ्वीगोल काढायचा, त्याच्या आधी नाही.

पृथ्वीगोलच घ्यावा. भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. आपल्या बालविभागात तोच नकाशा मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला आहे. सतरंजीवर बसलेल्या मुलाला त्यातला अंटार्क्टिका तेवढा नीट दिसतो. मोजमाप द्यायचेच तर मुलाच्या ओळखीचे द्यावे. केनियाचे क्षेत्रफळ सुमारे 5,80,000 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात मिळून होतात त्याहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र 2019 च्या जनगणनेनुसार पावणेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे एकट्या गुजरातपेक्षा कमी. आठ-नऊ वर्षांचे मूल एवढ्यावरून "मग तिथे मोकळी जागा खूप असेल" इथपर्यंत स्वतः पोचते. चलनाचे नाव पाठ करून ते कुठेही पोचत नाही.

दुसऱ्या शनिवारी घड्याळ. तिथली स्वाहिली भाषा बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. विषुववृत्तावर सूर्य बाराही महिने साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही मोजणी तिथे वर्षभर जमते. बडोद्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातनंतर, म्हणून आपल्याला ती जमणार नाही. पुठ्ठ्याचे घड्याळ करून मुलांना दोन्ही वेळा लावायला द्याव्यात. इथे साडेदहा वाजतात तेव्हा नैरोबीत आठ वाजलेले असतात, हेही त्यातच येते. एक काळजी घ्यावी. पाच-सहा वर्षांच्या मुलांना घड्याळच नीट येत नसते, त्यांना दोन प्रकारचे तास दाखवले की गोंधळ होतो. त्यांना सूर्योदयाचे चित्र काढायला द्यावे आणि घड्याळ मोठ्या मुलांकडे ठेवावे.

तिसरा शनिवार पावसाचा आणि जेवणाचा. आपल्या मुलांना पाऊस वर्षातून एकदाच येतो असे वाटते. केनियाच्या बऱ्याच भागात तो दोनदा येतो. मार्च ते मे जास्त दिवसांचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर थोडक्यातला. त्यावर मका पिकतो, केरिचोच्या बाजूला चहा पिकतो. मक्याच्या पांढऱ्या पिठाची उगाली हे तिथले रोजचे जेवण आणि ती वाचनालयात करता येते. चार वाट्या पाणी उकळायचे, त्यात थोडे थोडे करून दोन ते सव्वादोन वाट्या पीठ घालायचे आणि लाकडी उलथन्याने घोटत राहायचे. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की झाली. बरोबर परतलेली पालेभाजी. मीठसुद्धा बहुधा भाजीतच असते, उगालीत नाही. पीठ घेताना फसगत होते. दुकानदार कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी पुडी देतो ते मक्याचे सत्त्व असते. त्याची खळ होते, उगाली होत नाही. मक्याचे दळलेले पीठ मागावे. दाहोद-पंचमहालात मक्याचा रोटला रोजचा आहे, त्यामुळे पांढरे पीठ बडोद्यात मिळते. मुले ते हाताने खातात, आणि दाहोदकडून आलेले एखादे मूल त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलते. एरवी ते मूल कोपऱ्यात बसलेले असते. छापील कागदाला हे कधीच साधणार नाही.

चौथा शनिवार रेल्वेचा. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग 1896 ते 1901 या काळात बांधला गेला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांवर मजूर नेले. सुमारे अडीच हजार तिथे मरण पावले. नैरोबी हे शहरच 1899 मध्ये रेल्वेचा तळ म्हणून उभे राहिले. त्यामागोमाग गुजराती दुकानदार आत आत गेले. 2017 मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातला 44 वा समाज म्हणून मान्यता दिली. इथे बडोद्याची गोष्ट आपोआप येते. 1862 मध्ये डभोई ते मियागाम हा अरुंद मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत. आठ वर्षांच्या मुलांना केनियातले इंग्रजांचे राज्य, घेतलेल्या जमिनी आणि 12 डिसेंबर 1963 चे स्वातंत्र्य हेही सरळ शब्दांत सांगावे. पाच वर्षांच्या मुलांना आगगाडी पुरते.

प्राणी पाचव्या शनिवारी. तोपर्यंत मुलांना ठाऊक झालेले असते की तिथल्या बहुतेक मुलांच्या अंगणात सिंह येत नाही, तो राखीव जंगलात असतो, जसा आपल्याकडे गीरमध्ये. त्याच दिवशी केनियाच्या वांगारी माथाई. त्यांनी 1977 मध्ये खेड्यातल्या बायकांना बरोबर घेऊन झाडे लावायला सुरुवात केली, कोट्यवधी झाडे लागली आणि 2004 मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. आफ्रिकेतल्या त्या पहिल्या नोबेल शांतता विजेत्या स्त्री.

सहाव्या शनिवारी उंट. ईशान्य केनियात गरिसाच्या बाजूला 1996 पासून राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने उंटांवरून पुस्तके न्यायला सुरुवात केली. पेट्या उंटाच्या पाठीवर, बरोबर तंबू. गुरांमागे फिरणाऱ्या वस्त्यांत झाडाखाली चटई पसरायची आणि मुलांना पुस्तके द्यायची. या जागी आपल्याला बडोद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालये उभी केली. गाव वर्गणी काढेल तेवढीच रक्कम पंचायत देई आणि तेवढीच सरकार. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात लहान मुलांसाठी वेगळी खोली होती आणि श्रीसयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी पुस्तके निघाली. ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी पुस्तक मुलापर्यंत नेले, त्या शहरातल्या मराठी वाचनालयाने आज मुलाच्या हातातले पुस्तक काढून प्रश्नपत्रिका द्यावी, याचे आम्हाला मनापासून दुःख होते.

आता आपल्याकडून आलेली उत्तरे. मराठीत अशी पुस्तकेच नाहीत, असे आपल्या सभासदांनी सांगितले. तयार संच दुकानात मिळत नाही हे खरे. पण पंधरा पुस्तकांची पेटी जमवता येते आणि ती कशी जमवायची ते इथे देतो. आजच्या मुलांच्या गोष्टींची सहा पुस्तके, लोककथा दोन, निसर्ग-प्राणी दोन, बाजार किंवा जेवण एक, चरित्र एक, आकडे किंवा अक्षरांचे एक, शब्दांविना चित्रांचे एक आणि एक नकाशापुस्तक. लोककथा दोनच ठेवाव्यात. त्या वाढल्या की तो देश मुलांना "फार फार वर्षांपूर्वी"चा वाटू लागतो. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत वाचायला आणि छापायला मोकळी पुस्तके आहेत. आफ्रिकन स्टोरीबुक या उपक्रमातली, तिथल्याच लेखकांनी लिहिलेली पुस्तकेही त्यावर आहेत. श्रेय छापले की परवानगीसाठी वेगळा पत्रव्यवहार लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालाही पाहावी. उरलेली इंग्रजी चित्रपुस्तके घ्यावीत आणि पानावर मराठी पट्टी लावावी.

छापताना काय बिघडते तेही सांगतो, कारण गेल्या वेळी छापलेले गठ्ठे वाया गेल्याचे कारण पुढे करून हे काम थांबवले गेले. घडीच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत हवीत, नाहीतर मध्ये कोरी पाने येतात. चकचकीत कागद नको. ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कडेला बसलेल्या मुलांना चित्र दिसत नाही. मजकूर उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला की जोडाक्षरे तुटतात, म्हणून मूळ पीडीएफच छापखान्यात द्यावी. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, तिथे दोऱ्याची शिवण घालावी. शिवण जास्त टिकते. पट्टीवरचे अक्षर किमान 18 पॉइंटचे असावे आणि भाषांतर चिकटवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य बदलावे.

दुसरे उत्तर, कपाटात देशोदेशींची पुस्तके आहेतच. आहेत, आणि ती कुलपात आहेत. दहा वर्षांखालच्या मुलांना ती घरी मिळत नाहीत. त्यातल्या नकाशापुस्तकात अजून सोव्हिएत युनियन आहे, जो 1991 मध्ये विसर्जित झाला. दक्षिण सुदान, जो 2011 मध्ये स्वतंत्र झाला, त्यात नाही. स्वाझीलँडचे 2018 पासून एस्वातिनी झाले आहे, तेही नाही. काही जुन्या पुस्तकांत आफ्रिकेतल्या माणसांना सरसकट "रानटी" म्हटले आहे. ही पुस्तके अभ्यासकांसाठी वरच्या मजल्यावर ठेवा, मुलांच्या कपाटात नको. चाळणी अवघड नाही. माहितीचे पुस्तक पंधरा वर्षांहून जुने असेल तर नकाशा, चलन आणि देशांची नावे तपासा. गोष्टीच्या पुस्तकात माणसांना नावे आहेत का, गावाला नाव आहे का, चित्रांत आजचे शहर कुठे तरी दिसते का, ते पाहा. नाव नसलेला "एक आफ्रिकन मुलगा" ज्या पुस्तकात असेल ते बाजूला ठेवा.

तिसरी तक्रार स्नेहसंमेलनाची आहे आणि ती सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. देशोदेशींच्या वेशभूषेत मुलांच्या तोंडाला काळा रंग फासून, कमरेला गवत गुंडाळून, हातात भाला देऊन त्यांना "आफ्रिका" म्हणून रंगमंचावर आणले गेले. प्रेक्षक हसले. आपल्या शहरात आफ्रिकी देशांतून शिकायला आलेले विद्यार्थी राहतात. आपली मुले त्यांना बसमध्ये, दुकानात रोज पाहतात. त्या तरुणांकडे पाहून हसायचे असते, हे त्या दिवशी आपण मुलांना शिकवले. हे पुन्हा होऊ नये. त्याऐवजी अशा एखाद्या विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून बोलवा. वीस मिनिटे पुरतात. मुलांचे प्रश्न आधी कळवा: सकाळी काय खायचास, शाळा किती लांब होती, आजी कोणती गोष्ट सांगायची. नाचून दाखवा, असे सांगू नका. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या.

चौथे, "आधी आपला देश तर शिकवा" असे म्हणणारे सभासद आहेत. त्यांची तळमळ आम्हाला समजते. पण बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला कोकणातला पाऊस, विदर्भातला कापूस किंवा नागालँडमधली शाळा केनियाइतकीच अनोळखी असते, आणि तीही त्याला वाचूनच कळणार. वर्षाच्या चार-पाच पेट्यांत एक भारताची असावी ही आमचीच सूचना आहे. तीही झेंडा आणि राष्ट्रीय पक्ष्याने सुरू करू नये. वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांच्या गोष्टींनी सुरू करावी. केनियाचा दोनदा येणारा पाऊस वाचून "आपला पाऊस कुठून येतो?" असे मुले विचारतात. आपल्या देशाचे प्रश्न असे बाहेरून फिरूनही येतात आणि तेव्हा ते मुलांचे स्वतःचे असतात.

स्पर्धा परीक्षांना उपयोग होईल, हे कारण सहा वर्षांच्या मुलासाठी देऊ नये, एवढेच म्हणतो.

मुलांची संख्या घटली, हेही कारण सूचनेत आहे. ती घटली, कारण दोन गट एकत्र करून चाळीस मुलांसमोर एक पुस्तक धरायला सांगितले गेले. मोठ्याने वाचनाला पंधरापेक्षा जास्त मुले नकोत. दोन अर्धवर्तुळाकार रांगा, खिडकी मुलांच्या पाठीशी. ती वाचणाऱ्याच्या पाठीमागे असली की पुस्तकाची मुलांकडची बाजू अंधारात जाते. पंचेचाळीस मिनिटांची विभागणी अशी असावी: पाच मिनिटे मागच्या शनिवारच्या गोष्टीची आठवण आणि पृथ्वीगोल, बारा मिनिटे वाचन, आठ मिनिटे तेच पुस्तक पुन्हा चित्रे बघत, बारा मिनिटे हाताचे काम, आठ मिनिटे घरी न्यायचे पुस्तक निवडायला. पहिल्या वाचनात मध्येच थांबून प्रश्न विचारू नयेत. दर पानाला "हे काय आहे?" विचारले की गोष्ट तुटते आणि मुले उत्तर देण्याच्या चढाओढीत शिरतात. प्रश्न दुसऱ्या वेळी विचारावेत. तात्पर्य विचारूच नये. आणि जे मूल मराठी वाचू शकते पण लिहू शकत नाही, त्याने गुजरातीत लिहिले किंवा नुसते चित्र काढले तरी ते मनापासून स्वीकारावे. हिंदीमुळे बहुतेकांना देवनागरी येते. अडते ते वाचनाच्या वेगाशी, आणि वेग रोज थोडे वाचूनच येतो. म्हणून शेवटची आठ मिनिटे, पुस्तक घरी नेण्याची, कधीही कापू नयेत. वेळ कमी पडला तर हाताचे काम सोडावे.

आमच्या मागण्या:

1. शनिवारचा वाचनतास चालू ठेवावा. सामान्यज्ञानाचा वर्ग घ्यायचाच असेल तर तो दहा वर्षांवरच्या मुलांसाठी वेगळ्या दिवशी घ्यावा.

2. एका देशाला सहा आठवडे आणि वर्षाला जास्तीत जास्त पाच देश, त्यात एक भारत. दर देशाची पंधरा पुस्तकांची एक पेटी. सहा आठवडे झाल्यावर ती पेटी शहरातल्या दुसऱ्या मराठी वाचनालयाला किंवा शाळेला द्यावी आणि त्यांची आपल्याकडे यावी. पाच संस्थांनी एकेक पेटी केली तरी सगळ्यांचे वर्ष भागते.

3. खर्च तीन भागांत: एक भाग पालकांच्या वर्गणीतून, एक भाग संस्थेकडून, एक भाग देणगीदारांकडून. प्रश्नमंजूषेच्या ढाली आणि चषकांसाठी ठेवलेली रक्कम पहिल्या पेटीला द्यावी. पालकांचा भाग जमवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

4. बालविभागाच्या कपाटाचे कुलूप काढावे आणि पाच वर्षांवरच्या मुलांना एका वेळी दोन पुस्तके चौदा दिवसांसाठी घरी द्यावीत. फाटलेल्या पुस्तकाचा दंड घेऊ नये. दंडाच्या भीतीने पालक पुस्तक उंच फळीवर ठेवतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा पुस्तके दुरुस्त करायला आम्ही बसू.

5. जुन्या पुस्तकांची छाननी करण्यासाठी दोन शिक्षिका, एक ग्रंथपाल आणि एक पालक अशी समिती नेमावी. तिने बाजूला काढलेल्या पुस्तकांची यादी फलकावर लावावी, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती घेता येईल.

6. तोंडाला रंग फासून केलेली देशोदेशींची वेशभूषा कायमची बंद करावी आणि तसे लेखी कळवावे.

7. तीस सेंटिमीटर व्यासाचा एक पृथ्वीगोल घ्यावा आणि भिंतीवरचा नकाशा मुलांच्या उंचीवर खाली आणावा. यासाठी बैठकीची वाट पाहण्याची गरज नाही.

पहिल्या पेटीसाठी पंधरांपैकी नऊ पुस्तकांची मराठी प्रत आम्ही तयार केली आहे आणि ती वाचनालयाच्या कार्यालयात पाहायला ठेवली आहे. प्रत्येक विश्वस्ताने त्यातले एक पुस्तक घरच्या किंवा शेजारच्या मुलाला वाचून दाखवावे आणि मग जूनच्या बैठकीत निर्णय घ्यावा. या बैठकीत आम्हाला पंधरा मिनिटे बोलू द्यावे, ही विनंती. लेखी उत्तर शाळा उघडण्यापूर्वी मिळावे, कारण गट पाडून पालकांना वेळ कळवायला आम्हाला एक आठवडा लागतो.

आपले,
बालविभागातील वाचन-स्वयंसेवक, शिक्षिका आणि पालक
बडोदे